शिकाऊ उमेदवारीसाठी महाराष्ट्राने स्वतःची कायदादुरुस्ती करावी का?

टर्नर ते सीएनसी
करावीच. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा, केंद्राचा. २०१९ च्या नियमांनी ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ घेणं बंधनकारक केलं, कंत्राटी कामगार धरून. २०० जणांच्या कारखान्यात किमान ५, कमाल ३०. आकडा भरतो, शिकणं होत नाही. सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या लेथवर पोरगा वर्षभर जॉब (घडवायचा तुकडा) चढवतो-उतरवतो. इन्सर्ट (हत्याराचं कापणारं टोक) बदलल्यावर पहिला जॉब मायक्रोमीटरने मोजायचा, व्यास किती मायक्रॉन जास्त आला ते पाहून वेअर ऑफसेट, म्हणजे तेवढी दुरुस्ती मशीनला द्यायची, हे सगळं सेटर (मशीन लावून देणारा) करतो. नोंदवहीत मात्र रोज ‘टर्निंगचा सराव’. मग परीक्षेत मशीन स्वतः सेट करायची वेळ आली की पोरगा अडकतो. दर तिमाहीला मशीनवर उभं करून तपासणी आणि प्रत्येक शिकाऊमागे नाव नोंदवलेला प्रशिक्षक, हे कायद्यातच हवं. विषय समवर्ती सूचीतला आहे, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो. राजस्थानने २०१४ मध्ये याच कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केलीच ना?

अनुपालनवाले
केली, पण राज्यघटनेच्या कलम २५४(२) प्रमाणे राष्ट्रपतींची संमती घेऊन. शिवाय २०१४ च्याच केंद्रीय दुरुस्तीने चार किंवा जास्त राज्यांत काम करणाऱ्या आस्थापना केंद्राच्या अखत्यारीत गेल्या. म्हणजे मोठ्या कंपन्या तुमच्या तपासणीतून सुटणार आणि ४० जणांचं वर्कशॉप सापडणार. तिथे सेटर एकच, तोच प्रशिक्षक. तो शिकवायला बसला की मशीन बंद. मालक हजेरीपटावर २९ माणसं दाखवेल आणि मोकळा होईल.

टर्नर ते सीएनसी
चार राज्यांचा मुद्दा मान्य. पण म्हणून बाकीच्यांना मोकळं सोडायचं? शिकाऊ कायद्याच्या कलम १८ प्रमाणे शिकाऊ हा कामगार नव्हे, त्यामुळे भविष्य निर्वाह निधी नाही. एवढी सवलत शिकवण्याच्या बदल्यात आहे. शिकवणार नसाल तर ते स्वस्त मनुष्यबळ झालं, आणि हे मला साफ अमान्य आहे.

आयटीआय निदेशक
दोघंही विद्यावेतनाकडे बघत नाही आहात. २०१९ च्या नियमांत आयटीआयवाल्याला किमान ७,००० आणि पदवीधराला ९,००० रुपये होते. २०२४ मध्ये राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली: आयटीआयला ८,०००, पदवीधराला १०,०००, मुदत सुरुवातीला सहा महिने, शेवटी ट्रेड परीक्षा नाही. मुलं कुठे जातील, उघड आहे. राज्याने स्वतःच शिकाऊ उमेदवारीला स्पर्धक उभा केला. त्यात शिकाऊच्या विद्यावेतनातला केंद्राचा दरमहा १,५०० पर्यंतचा वाटा आता थेट मुलाच्या खात्यात जातो. खातं आधारशी जोडलेलं नसेल तर अडकतो, आणि मुलाला वाटतं मालकानेच कापले. कायदा बदलण्याआधी राज्याच्या योजनेचा पैसा इकडे वळवा: राज्याची भर फक्त करार नोंदवलेल्या शिकाऊंना, तीही निम्मी परीक्षा पास झाल्यावर.

अनुपालनवाले
याला शासन निर्णय पुरेसा आहे. सरकारी कामांच्या निविदेतही शिकाऊ घेण्याची अट घालता येते, दुरुस्ती न करता.

टर्नर ते सीएनसी
शासन निर्णय पुढचं सरकार एका कागदाने फिरवतं, म्हणून मी कायद्यावर अडून आहे. निविदेची अट मात्र आजच घाला. फक्त हमीपत्रावर भागवू नका. अंतिम देयकासोबत शिकाऊ नोंदणीच्या पोर्टलवरचे करार क्रमांक आणि परीक्षेचे निकाल मागा. कराराच्या मध्येच मुलं सोडून गेली असतील तर तेही त्यातच दिसेल.