साखळी सामने संपल्यावर संघात आलेल्या मुली: सॉफ्टबॉलमध्ये उशिराची भरती कितपत न्याय्य?

सेकंडबेसची आई, कोथरूड

नमस्कार. माझी मुलगी नववीत आहे आणि गेली तीन वर्षे पुण्यातल्या एका क्लबकडून सॉफ्टबॉल खेळते. या वर्षी १७ वर्षांखालील मुलींच्या संघात ती सेकंड बेसवर (मैदानातल्या दुसऱ्या तळाजवळ) होती. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यापासून संघातल्या १४ मुली सकाळी साडेसहाला मैदानावर हजर असत, आणि पावसाने मैदानाचा चिखल झाला की शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये टेनिसच्या चेंडूवर ग्राउंडर (जमिनीवरून येणारे चेंडू) उचलण्याचा सराव चाले. गणपतीनंतर क्लबांची स्पर्धा सुरू झाली. साखळीतल्या चार सामन्यांपैकी तीन आमच्या मुलींनी जिंकले आणि त्या उपांत्य फेरीत गेल्या.

उपांत्य सामन्याच्या चार दिवस आधी सरांनी दोन नव्या मुली संघात घेतल्या, एक पिचर (चेंडू टाकणारी) आणि एक शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभी राहणारी). दोघी दुसऱ्या क्लबच्या आहेत आणि त्या क्लबने या स्पर्धेत संघ उतरवला नव्हता. आयोजकांच्या पत्रकात संघयादीत १६ नावे चालतील एवढेच लिहिले होते, ती कोणत्या तारखेपर्यंत द्यायची याचा उल्लेख नव्हता. म्हणजे नियम मोडला असे मी म्हणू शकत नाही. नवी शॉर्टस्टॉप आल्यामुळे आमची जुनी शॉर्टस्टॉप सेकंड बेसवर सरकली आणि माझी मुलगी डगआउटमध्ये, म्हणजे राखीव मुलींच्या बाकावर, बसली. जर्सी १४च छापल्या होत्या. त्यामुळे नव्या पिचरला हात मोडलेल्या एका मुलीची जर्सी दिली होती. तिच्या पाठीवरच्या आधीच्या नावावर पांढरी चिकटपट्टी लावली होती आणि तिसऱ्या इनिंगपर्यंत घामाने त्या पट्टीचे एक टोक सुटले होते.

सातपैकी शेवटच्या दोन इनिंगमध्ये बाकीच्या मुलींना खेळवू, असे सरांनी आदल्या दिवशी सांगितले होते. पण पाच इनिंगनंतर ७ धावांची आघाडी झाली, सामना नियमाप्रमाणे तिथेच थांबवला गेला आणि त्या दोन इनिंग आल्याच नाहीत. चौथ्या इनिंगमधला एक प्रसंग मात्र माझ्या मनातून जात नाही. समोरच्या मुलीने बंट केला, म्हणजे बॅट न फिरवता चेंडू जवळच थोपवला, आमची फर्स्ट बेसवरची मुलगी चेंडूसाठी पुढे धावली आणि तिच्या मागे बेस मोकळा राहिला. तो भरायचे काम सेकंड बेसवरच्या खेळाडूचे असते. डगआउटमध्ये माझी मुलगी उठून दोन पावले पुढे गेली आणि तिथेच थांबली.

माझा राग त्या दोन मुलींवर नाही. मला जाणून घ्यायचे आहे ते असे, की चार महिने सराव करून संघाला बाद फेरीपर्यंत आणणाऱ्या मुलींचा त्या फेरीत खेळण्यावर काही हक्क असतो की नाही, आणि असेल तर तो कोणत्या नियमाने राखता येईल. शिवाय हा विषय सरांपुढे कसा मांडावा, म्हणजे उद्या त्याचा त्रास मुलीला होणार नाही, हेही कोणी अनुभवाने सांगितले तर बरे होईल.

जुना कोच, पिंपरी

ताई, मी बरीच वर्षे मुलींचे संघ घडवतो आहे आणि तुमच्या सरांनी जे केले ते मीही दोन वेळा केले आहे, त्यामुळे ही बाजू आधी प्रामाणिकपणे मांडतो.

फास्टपिचमध्ये, म्हणजे वेगाने चेंडू टाकायच्या सॉफ्टबॉलमध्ये, पिचर हा सामन्याचा कणा असतो. मोठ्या मुलींच्या खेळात पिचिंग प्लेटपासून होम प्लेट (जिथे बॅटर उभी राहते) ४३ फुटांवर असते. इतक्या जवळून विंडमिल पद्धतीने (हात पूर्ण गोल फिरवून) जोरात आलेला चेंडू बॅटरला नीट दिसेपर्यंत जवळ पोचलेला असतो. आपल्याकडच्या क्लबांमध्ये असा चेंडू टाकणारी मुलगी बहुतेक वेळा एकच असते, फार तर दोन. पावसाने सामने पुढे गेले की आयोजक एका दिवसात दोन-दोन सामने लावतात, आणि पंधरा वर्षांच्या मुलीने सलग १४ इनिंग पिचिंग केले तर तिच्या खांद्याचे काय होते ते मी पाहिले आहे. अशा वेळी दुसरी पिचर आणणे ही कधीकधी पहिल्या मुलीची काळजी असते.

शॉर्टस्टॉपच्या बाबतीत मात्र मला असे काही म्हणता येत नाही. तुमच्या संघाची शॉर्टस्टॉप जखमी नव्हती. ती जागा केवळ सामना अधिक खात्रीने जिंकावा म्हणून भरली गेली, आणि तिथेच माझ्या मते तुमच्या मुलीवर अन्याय झाला. मी स्वतः अशी भरती केली त्या वर्षी आम्ही चषक जिंकला, पण पुढच्या जूनमध्ये पाच जुन्या मुली सरावाला परत आल्या नाहीत. त्यानंतर मी आमच्या क्लबात ठरवून टाकले, की पहिल्या साखळी सामन्याच्या दिवशी यादी बंद होईल, त्यानंतर फक्त दुखापत किंवा आजारपणात आणि डॉक्टरांची चिठ्ठी असेल तरच त्याच जागेसाठी बदली मुलगी घेता येईल, आणि साखळीत किमान दोन सामने न खेळलेली मुलगी बाद फेरीत उतरणार नाही.

क्लबच्या स्पर्धेत निदान एका चषकापुरता प्रश्न असतो. निवड चाचणीनंतर जिल्ह्याचा संघ जाहीर होतो आणि मग चाचणीला न आलेले एखादे नाव यादीत शिरते, तेव्हा कुणाचे तरी नाव कापले जाते. दहावी-बारावीचे सवलतीचे गुण आणि पुढे शासकीय नोकरीतले खेळाडूंचे ५ टक्के आरक्षण मान्यताप्राप्त स्पर्धांच्या प्रमाणपत्रांवर अवलंबून असते. त्यामुळे कापलेल्या नावाचे नुकसान मैदानाच्या बाहेरही पोचते. तिथे तर मी कोणतीही सवलत देणार नाही.

सरांशी बोलताना "माझ्या मुलीला का बसवले" असे विचारू नका, कारण त्याचे उत्तर कोणताही प्रशिक्षक बचाव म्हणूनच देईल. "यादी केव्हा बंद होते आणि ते आम्हाला केव्हा कळेल" असे विचारा. आणि शक्यतो आधी मुलीलाच विचारू द्या, तुम्ही सोबत उभ्या राहा.

बदलीवर आलेला बाबा, हडपसर

जुने कोच सर, आपल्या दोन सामन्यांच्या अटीबद्दल मला दुसरी बाजू मांडायची आहे, कारण माझी मुलगी अशीच उशिरा आलेली होती.

माझी साताऱ्याहून पुण्याला बदली झाली ती ऑगस्टच्या अखेरीस. मुलगी तिथल्या संघात कॅचर (बॅटरच्या मागे चेंडू झेलणारी) होती. इथे आल्यावर आम्ही तीन क्लबांत विचारले, तिन्ही ठिकाणी यादी भरली होती. चौथ्या क्लबने तिला घेतले तेव्हा साखळीचा एकच सामना उरला होता. आपला नियम लागला असता तर ती त्या वर्षी बाद फेरीत खेळलीच नसती, आणि तिचे १७ वर्षांखालच्या गटातले ते शेवटचे वर्ष होते. वयोगटाचे वर्ष एकदा गेले की ते पुढच्या मोसमात परत मिळत नाही.

दुसरी गोष्ट सांगायला जड जाते. पहिले दोन दिवस वॉर्मअपमध्ये तिच्याकडे कोणी चेंडू टाकला नाही. जोड्या करा म्हटले की सगळ्या जोड्या होत आणि ती ग्लोव्ह घालून उभी राही. तिसऱ्या दिवशी जिची जागा जाणार होती तीच कॅचर तिच्यासमोर येऊन उभी राहिली. त्या मुलीचे मी मनापासून आभार मानतो, पण ते दोन दिवस मोठ्यांच्या निर्णयाची किंमत म्हणून पोरींनी मोजले, हे मी विसरलो नाही. ताई, आपला राग नव्या मुलींवर नाही असे आपण लिहिले आहे ते वाचून बरे वाटले. ते आपल्या मुलीलाही एकदा स्पष्ट शब्दांत सांगा.

स्कोअरशीट, सदाशिव पेठ

मी स्पर्धांमध्ये गुणलेखक म्हणून बसतो आणि कधी पंच म्हणूनही उभा राहतो, म्हणून नियमांच्या अंगाने लिहितो. ताई, इथे पंचांकडे किंवा आयोजकांकडे निषेध नोंदवण्यासारखे काही नाही. यादीत नाव आहे, वय बसते, आयोजकांनी तारीख दिलेली नाही. खेळाडू पात्र आहे की नाही एवढेच पंच पाहतो. फुटबॉलच्या विश्वचषकातसुद्धा अंतिम यादी दिल्यावर गंभीर दुखापत किंवा आजार असेल तरच आणि पहिल्या सामन्याच्या २४ तास आधीपर्यंतच नाव बदलता येते. आपल्या गावपातळीच्या स्पर्धांनी निदान तारीख तरी छापावी, ही मागणी मी आयोजकांकडे बरेचदा केली आहे.

हडपसरच्या साहेबांचे म्हणणे मला पटते आणि म्हणून मी उशिरा आलेली आणि उसनी आणलेली असा फरक करतो. जिच्या घरची बदली झाली, जी पुढच्या जूनमध्येही याच मैदानावर सरावाला येणार आहे, ती उशिरा आली तरी त्या संघाचीच मुलगी झाली. दोन सामन्यांपुरती येऊन सोमवारी आपल्या क्लबला परत जाणारी मुलगी उसनी. पहिलीसाठी दार उघडे ठेवावे आणि दुसरीसाठी यादी बंद झाल्यावर ते बंद करावे, असे माझे मत आहे. हा फरक कागदावर कसा ओळखायचा, असे कोणी विचारील. क्लबची वर्षाची नोंदणी आणि आधीच्या क्लबचे ना हरकत पत्र मागितले की बहुतेक प्रकरणांत तो आपोआप दिसतो.

पण मला मुख्यतः वेगळेच सांगायचे आहे. या खेळाच्या नियमांतच अशा प्रसंगी दोघींना सामावून घेण्याची सोय आहे आणि आपले प्रशिक्षक ती फारशी वापरत नाहीत. व्यावसायिक बेसबॉलमध्ये बाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही. सॉफ्टबॉलमध्ये सुरुवातीच्या खेळाडूला बाहेर काढले तरी फलंदाजीच्या त्याच क्रमांकावर एकदा परत आणता येते. टोकियो ऑलिम्पिकच्या अंतिम सामन्यात, २७ जुलै २०२१ रोजी, जपानच्या ३९ वर्षांच्या युकिको उएनोने पिचिंगला सुरुवात केली, मग २० वर्षांची मिउ गोतो आली आणि सातव्या इनिंगला उएनो पुन्हा पिचिंगच्या सर्कलमध्ये आली. जपानने अमेरिकेला २-० हरवले ते असे दोघींच्या हातून. ताईंच्या मुलीला पहिल्या इनिंगपासून खेळवून मध्ये नवीला आणता आले असते आणि शेवटी पुन्हा तिलाच.

दुसरी सोय डीपी (डेझिग्नेटेड प्लेअर) आणि फ्लेक्सची. फ्लेक्स म्हणून लिहिलेली खेळाडू क्षेत्ररक्षण करते पण बॅटिंग करत नाही, तिच्या वाटची बॅटिंग डीपी करते. म्हणजे सुरुवातीच्या यादीत नऊऐवजी दहा मुली बसतात. नवी पिचर फ्लेक्स केली असती तर जुन्यांपैकी आणखी एकीला बॅट हातात घेता आली असती. पाच इनिंगनंतर सामना संपू शकतो हे माहीत असताना मुलींना शेवटच्या दोन इनिंगचे आश्वासन देणे मला अजिबात योग्य वाटत नाही. खेळवायचे तर पहिल्या इनिंगपासून खेळवावे.

सेकंडबेसची आई, कोथरूड

सर्वांचे मनापासून आभार. काल सरावानंतर मुलगी स्वतः सरांशी बोलली, मी शेजारी उभी होते. तिने तारखेचा प्रश्न विचारला आणि मग, मी शिकवले नसताना, बंटच्या वेळी मोकळा राहिलेल्या बेसविषयीही सांगितले. सर थोडा वेळ गप्प राहिले. पुढच्या वर्षी वर्गणी घेतानाच यादी बंद होण्याची तारीख लेखी देऊ, हे त्यांनी मान्य केले. साखळी न खेळलेल्या मुलीला बाद फेरीत उतरवू नये, ही गोष्ट मात्र त्यांना मान्य नाही, आणि तिथे माझे व त्यांचे मत वेगळेच राहील असे दिसते. नवी शॉर्टस्टॉप रविवारनंतर परत जाणार आहे, म्हणजे स्कोअरशीट यांच्या शब्दांत ती उसनी.

रविवारी अंतिम सामना आहे. नव्या पिचरला फ्लेक्स आणि माझ्या मुलीला डीपी करण्याचा विचार सरांनी बोलून दाखवला. एक शंका आहे. डीपी म्हणून लिहिल्यावर तिला सेकंड बेसवर उभे राहता येईल का, की तिने फक्त बॅटिंगच करायची?

स्कोअरशीट, सदाशिव पेठ

उभे राहता येईल. डीपी कोणत्याही जागी क्षेत्ररक्षण करू शकते. ती सेकंड बेसवर गेली तर तिथली मुलगी सामन्यातून बाहेर जात नाही, तिची बॅटिंग चालू राहते आणि पिचिंगही फ्लेक्सच करत राहते. डीपी फ्लेक्सच्याच जागी आली, तरच फ्लेक्सला बाहेर जावे लागते. सरांनी बदल करताना तो आधी प्लेटवरच्या पंचांना सांगावा आणि गुणलेखकाने लिहून घेतल्याची खात्री करून घ्यावी. यादी लिहिताना फ्लेक्सचे नाव दहाव्या ओळीत येते, तेवढे तपासून पाहा.