आजीच्या थोरल्या भावाला इटलीत अग्नी मिळाला होता का, कसं कळेल?

पंचगंगाकाठ:
नमस्कार मंडळी. आजीचा थोरला भाऊ दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीत होता. बेळगावला भरती झाला, इटलीत गेला, तिकडंच राहिला. घरात कागद एकही नाही. सहा टोकांचा एक स्टार आहे, त्यावर 'इटली स्टार' असं इंग्रजीत. फीत उंदरांनी निम्मी खाल्लीय.

माणूस म्हणून मात्र तो आजीकडं पुष्कळ शिल्लक आहे. पहाटे गंगावेशीत म्हशीचं दूध घालायचं, तिथनं थेट तालीम. पैलवानकीत एक कान मोडलेला. पंचगंगेत म्हशीच्या पाठीवर उभा राहून पलीकडं जायचा म्हणे (आजी वाढवून सांगते, सांगू दे). चैत्रात जोतिबाला गावची सासनकाठी निघाली की हा पुढं. रजेवर आला की अंगणात बारक्या बहिणीकडून परेड करून घ्यायचा, तिला 'सुभेदार' म्हणायचा. वांग्याची भाजी असली की ताटावरून उठायचा. पहिल्या रजेत गपगुमान वांगं खाल्लं, तेव्हा पणजी म्हणाली, पलटणीनं एक तरी काम चांगलं केलं.

तार आली तेव्हा आजी बारा वर्षांची. पणजीनं शेवटपर्यंत मानलं नाही. "अग्नी कुणी दिला ते सांगा, मग मानते." सर्वपित्रीला त्याचं पान वाढू दिलं नाही. आता आजी ९३ ची आहे आणि तोच प्रश्न मला विचारते.

माजी_हवालदार_गडहिंग्लज:
राम राम. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या साइटवर मोफत शोधता येतं. नाव कुठल्या स्मारकावर आहे, त्यातच तुमचं उत्तर आहे. इटलीत दहन झालेल्या आपल्या जवानांची नावं तीन ठिकाणच्या दहन-स्मारकांवर आहेत: सांग्रो, फोर्ली आणि रिमिनी. नाव कासिनो मेमोरियलवर असेल, तर त्याचा अर्थ अंत्यस्थान माहीत नाही. १० जुलै १९४४ ला पडलेले आमच्या पलटणीचे व्हिक्टोरिया क्रॉसवाले नाईक यशवंत घाडगे यांचं नाव कासिनोलाच आहे.
नाव टाकून सापडलं नाही तर थांबू नका. कारकुनानं कानाला आलं तसं लिहिलेलं असतं. रेजिमेंटच्या रकान्यात '५ वी मराठा लाइट इन्फंट्री' निवडा, देश इटली, आणि बापाच्या नावावरून एकेक नोंद चाळा.

कागलचा_वाचक:
राग मानू नका, पण इंग्रजांच्या लढाईत मेलेल्यांचं आपण एवढं का करायचं?

पंचगंगाकाठ:
राग कशाचा. कोल्हापूर तर संस्थान होतं, इंग्रज त्यानं भरतीआधी पाहिला असेल की नाही शंकाच आहे. धाकटी भावंडं होती, मनीऑर्डर येत होती, म्हणून गेला. आमच्या घरात तो शूर म्हणून नाही, पोरगा म्हणून आठवतो. एकविसाव्या वर्षी गेलेल्याला आणखी काय म्हणायचं?

हवालदारसाहेब, सापडला! तीन रात्री चाळत बसलो. आडनावात दोन अक्षरं भलतीच, गावाचं नाव तर वाचवत नाही; बापाच्या नावावरून ओळखला. डिसेंबर १९४४, वय २१, फोर्ली दहन-स्मारक.

आजीला जोरात ओरडून सांगितलं, ऐकू कमी येतं. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "डिसेंबरात तिकडं बर्फ असतं न्हवं? लाकडं वाळकी मिळाली असतील का?" मी म्हटलं, पलटण होती सोबत, मिळाली असतील. खरं-खोटं देव जाणे.

आता तिला तिथी पाहिजे. तारखेवरून तिथी काढायला त्या वर्षाचं पंचांग कुणाकडं आहे का?

माजी_हवालदार_गडहिंग्लज:
आमच्या चुलत्यांच्या माळ्यावर जुन्या पंचांगांचा गठ्ठा आहे. रविवारी गावी जाणार आहे, बघतो. नुसता महिना नको, पूर्ण तारीख टाका. आणि त्या नोंदीची प्रिंट काढून आजीच्या हातात द्या, मोबाइलवर दाखवू नका.