सोसायटी ग्रुप: ‘सकाळी उपाशीपोटी दोन चमचे’

ए-२०३: गेल्या महिन्यात ‘सकाळी उपाशीपोटी अ‍ॅसिडिटीचं पातळ औषध दोन चमचे, दिवसभर आराम’ हा मेसेज इथे आला होता. सासूबाईंनी तो मनावर घेतला. थायरॉइडची गोळी गिळली की लगेच ते दोन चमचे. काल थायरॉइडच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट आला, टीएसएच ९.८ (हा वाढला म्हणजे थायरॉइड कमी पडतंय). आधी ३ च्या आत असायचा. डॉक्टर ५० ची गोळी ७५ करायला निघाले होते, मी त्या औषधाच्या गुलाबी बाटलीचं सांगितलं म्हणून थांबले.

बी-१०४: टाकी शनिवारी धुणार होते ना? आज परत गढूळ पाणी.

ए-५०१: वहिनी, मेसेज मी टाकला होता. चांगल्या हेतूनेच.

ए-२०३: हेतूबद्दल काहीच म्हटलं नाही दादा.

ए-५०१: पार्किंगचं झाल्यापासून रोख कळतो हो.

सी-३०२: पार्किंग इथे नको 🙏

सी-१०२: मी ३० वर्षं औषधाच्या दुकानात काढली, म्हणून सांगतो. त्या बाटलीत अ‍ॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियम असतं. थायरॉइडचं औषध त्यांना पोटातच चिकटतं, मग रक्तात पुरेसं उतरत नाही. गोळी रोज घेतली तरी बरीचशी वाया. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांचंही तसंच. मध्ये चार तास जाऊ द्या.

डी-४०२: काका, मी थायरॉइडची गोळी चहाबरोबरच घेते 🙈

सी-१०२: नुसत्या पाण्याबरोबर घे बाळा. चहा अर्ध्यापाऊण तासाने.

डी-४०२: म्हणजे आता गजर दोन लावायचे. आमच्याकडे चहा झाल्याशिवाय कुणी कुणाशी बोलत नाही 😄

बी-१०४: टाकी???

ए-५०१: पण बाटली तर डॉक्टरच लिहून देतात. मग वाईट कशी?

सी-१०२: वाईट नाही, वेळ चुकते. लघवीच्या त्रासाला सिप्रोफ्लॉक्सासिन देतात, ते या औषधाच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनी घ्यायचं. एकत्र घेतलं तर जंतू तसेच राहतात आणि लोक म्हणतात गोळी लागू पडली नाही.

बी-३०३: बाबांची अँजिओप्लास्टी झालीय. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून क्लोपिडोग्रेल चालू आहे, शिवाय अ‍ॅसिडिटीसाठी रोज ओमेप्राझोल. तेही बंद करू का?

सी-१०२: अजिबात नको! दोन्हींपैकी काहीही स्वतःहून थांबवायचं नाही. पण या दोघांचं एकमेकांशी जमत नाही, त्याचं कारण वेगळं आहे. क्लोपिडोग्रेल यकृतात गेल्यावर कामाचं होतं आणि ओमेप्राझोल नेमकं तिथेच आडवं येतं. बहुतेक वेळा ओमेप्राझोल बदलून पॅन्टोप्राझोल ही अ‍ॅसिडिटीचीच दुसरी गोळी देतात. आजच हृदयाच्या डॉक्टरांना फोन कर.

बी-३०३: केला. चिठ्ठी घेऊन संध्याकाळी बोलावलंय.

ए-५०१: मी फसफसणारी पावडर घेतो, ती तरी चालते ना?

सी-१०२: तुला बीपी आहे ना? त्यात सोडियम आहे. रोज नको.

ए-५०१: बरं. 🙏 वहिनी, सासूबाईंना माझ्याकडून सॉरी सांगा. तो मेसेज दुसऱ्या दोन ग्रुपवरही टाकलाय, तिथेही आत्ताच दुरुस्ती टाकतो.

ए-२०३: सांगते. त्या म्हणतात, तुम्ही चहाला या, पण दहानंतर. गोळीच्या डबीवर मी मार्करने ‘पहाटे ६, नुसतं पाणी’ लिहिलंय, बाटलीवर ‘दुपारी जेवणानंतर’. सहा आठवड्यांनी परत रक्त तपासायचंय.

सी-१०२: सगळ्यांनी घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या गोळ्या एकदा ताटात काढून बघा. अ‍ॅसिडिटीचं औषध डॉक्टरांना कुणी सांगत नाही, ते औषध वाटतच नाही कुणाला.

बी-१०४: शनिवारी टाकी धुणार की नाही, एवढंच सांगा.

सी-३०२: धुणार. सकाळी ८ ला. पाणी भरून ठेवा.