झकात गल्लीतच ठेवायची का? ‘आधी आपले पूरग्रस्त’ म्हणणाऱ्यांना उत्तर

दसराचौकवाली:
परवा ‘पंचगंगाकाठ’ यांनी इथं लिहिलं की ‘आधी आपले पूरग्रस्त’, कोल्हापूरची झकात, म्हणजे मुसलमानानं वर्षाच्या शिलकीतून गरजूंसाठी काढायचा हिस्सा, कोल्हापुरातच राहिली पाहिजे, तोंड न बघितलेल्या निर्वासितांना मोबाईलवरून पैसे पाठवणं म्हणजे बसल्या जागी पुण्य मिळवणं. गप्प बसणार होते, पण त्याखाली ‘अगदी बरोबर’ म्हणणाऱ्यांची रांग बघितली आणि राहवलं नाही.

सूरह तौबाच्या 60व्या आयतीत झकातीचे आठ हकदार सांगितलेत. त्यातले चार म्हणजे फकीर आणि मिस्कीन (गरीब आणि निराधार), कर्जात बुडालेला, वाटेत अडकलेला मुसाफिर. त्यात गावाची हद्द कुठं आखलीय? घरदार टाकून पळालेला माणूस यातल्या तिन्ही-चारी ठिकाणी एकदम बसतो. ऑगस्ट 2017 नंतर सात लाखांवर रोहिंग्या म्यानमारमधून बांगलादेशात कॉक्स बाजारला आले. 2023 मध्ये जागतिक अन्न कार्यक्रमाकडं निधी कमी पडला, तेव्हा त्यांचं माणशी महिन्याचं रेशन 12 डॉलरवरून 10 वर आणि मग 8 डॉलरवर आलं. म्हणजे तेव्हाचे साडेसहाशे-पावणेसातशे रुपये, अख्ख्या महिन्याला. घरातली चार माणसं एकदा बाहेर जेवून आली तरी आपले याहून जास्त जातात.

आणि झकात मागते तरी किती? साडेसत्त्याऐंशी ग्रॅम सोनं किंवा 612 ग्रॅम चांदीच्या किमतीएवढी शिल्लक वर्षभर राहिली, तर अडीच टक्के. लाखाला अडीच हजार. त्यातले हजार बाहेर गेले म्हणून मोहल्ला उपाशी पडत नाही.

पंचगंगाकाठ:
मोहल्ला उपाशी पडत नाही हे तुम्हाला कुणी सांगितलं, ताई? रमजानच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या मशिदीच्या दारात या. ज्या बायका वर्षभर कुणापुढं हात पसरत नाहीत, त्या त्या दिवसांत पदर डोळ्यांपर्यंत ओढून उभ्या असतात.

आयत मलाही पाठ आहे. पण हनफी फिकहमध्ये, म्हणजे आपण पाळतो त्या धर्मशास्त्रात, हेही आहे की आपल्या गावचा हकदार सोडून झकात बाहेर पाठवणं मकरूह, म्हणजे नापसंत. शिवाय तमलीकचं काय? रक्कम गरजूच्या मालकीची झाली पाहिजे. म्हणून तर झकातीतून मशीद बांधता येत नाही. संस्थेला दिलेल्या पैशातून पगार, गाड्या आणि जाहिराती झाल्या तर माझी झकात अदा झाली का? याचं उत्तर द्या, मग डॉलर सांगा.

हुपरीकर:
तमलीकचा मुद्दा रास्त आहे, पण जुना झालाय. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेनं 2019 मध्ये स्वतंत्र झकात फंड काढला. झकात म्हणून आलेली पूर्ण रक्कम कुटुंबांपर्यंत जाते, संस्थेचा खर्च दुसरीकडून भागवतात, असं त्यांचं धोरण आहे आणि त्यावर उलेमांचे फतवे घेतलेत. बरीचशी मदत रोख देतात, म्हणजे मालकी गरजूचीच.

माझं दुखणं वेगळंय. निसाब, म्हणजे झकात लागू व्हायची किमान शिल्लक, चांदीवर धरायचा की सोन्यावर? आमच्या गावात चांदीकाम करणाऱ्या कारागिराच्या घरी पोरीच्या लग्नाला जमवलेली चांदी असते. तो हिशोबानं झकात देणारा ठरतो, आणि महिनाअखेरीला स्वतःच उसनवारी करतो. यावर एकदा नीट बोला.

दसराचौकवाली:
हुपरीकर, त्याचा वेगळा धागा काढा, मी येते.
पंचगंगाकाठ, मकरूहच्या पुढचं वाक्य तुम्ही गाळलंत. नातेवाईक दुसरीकडं असतील किंवा तिथली गरज मोठी असेल, तर पाठवायला हरकत नाही हेही त्याच किताबांत आहे. महिन्याला 8 डॉलरवर दिवस काढावे लागले त्यांच्यापेक्षा मोठी गरज कुणाची?

शिरोळचा गडी:
मी मुसलमान नाही, पण विस्थापित हा शब्द वाचला आणि डोकं फिरलं. विस्थापित बघायला बांगलादेश कशाला पाहिजे? 2019 ला पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या वर गेलं, धोका पातळी 43. 2021 ला परत तेच. आम्ही तेव्हा भाड्यानं राहत होतो. पंचनाम्याला आलेल्या माणसानं घरफाळ्याची पावती मागितली. भाडेकरूकडं कुठली पावती? मदत घरमालकाच्या खात्यावर गेली. आमची शिलाई मशीन, गाद्या, पोराची दप्तरं सगळी चिखलात, आणि आम्ही यादीतच नाही. मालकानं एक रुपया दिला नाही. यावर कुणी लिहिणार आहे का?

आंबेवाडी_चिखली:
गड्या, तुझी गोष्ट पाच-सहा वर्षांची. आमच्याकडं 1989 च्या पुरानंतर वर सोनतळीला प्लॉट दिले, आणि कागदाचा घोळ नातवंडांपर्यंत चाललाय. दर पावसाळ्यात म्हशी सोडून सोनतळी गाठायची, पाणी उतरलं की परत. कागद नावावर नसलेल्या जागेवर कोण आयुष्याची कमाई घालून घर बांधणार?

कळंबा नाका:
प्लॉट मिळूनही गावातली जागा सोडवत नाही, हेही सांगा ना. नदीकाठची जमीन पाहिजे, वरचा प्लॉटही पाहिजे.

आंबेवाडी_चिखली:
तोंड सांभाळून. गोठा, वैरण आणि रान खाली, माणसं वर, दूध घालायला रोज कोण तुमचा बाप जाणार? कळंब्यात बसून पुराबद्दल बोलू नका.

शिरोळचा गडी:
आणि एक सरळ विचारतो. ही झकात मला मिळाली असती का? नसती. मग ‘गरजूची मदत’ कशाला म्हणता?

पंचगंगाकाठ:
झकात नसती मिळाली, खरं आहे. आमच्याकडं ती मुसलमान हकदारांसाठीच धरतात. पण लिल्लाह आणि सदका, म्हणजे खुशीनं दिलेलं दान, त्याला ती अट नाही, आणि पुरात चुली त्यावरच पेटतात. 2019 ची बकरी ईद 12 ऑगस्टला होती, पाणी अजून शहरातून पुरतं उतरलं नव्हतं. आमच्या गल्लीत कित्येकांनी दुसरा बकरा घ्यायचा बेत सोडला आणि ते पैसे डाळ-तांदळाला दिले. भातावर आमटी वाढताना कुणाला जात विचारली नाही. तुम्ही जेवला असाल किंवा नसाल, पण वरचं वाक्य मला लागलं.

शिरोळचा गडी:
जेवलोय. म्हणून तर विचारलं. उपकार नाकारत नाही, पण जेवण चार दिवसांचं असतं. मशीन गेली ती गेली.

गांधीनगर_कापडवाला:
‘आपले आणि बाहेरचे’ हे कोल्हापूरकरांनी तरी बोलू नये. 1943 ते 1948 वळिवड्याच्या छावणीत पाचेक हजार पोलिश लोक राहिले, सैबेरियातून इराणमार्गे आलेले, बहुतेक बायका-मुलं. ते गेल्यावर त्याच बराकींत आमचे आजोबा सिंधहून आले. अंगावरच्या कपड्यांनिशी. आज तिथं, आमच्या गांधीनगरात, सगळा जिल्हा लग्नाचा बस्ता बांधायला येतो. त्यांना तेव्हा कुणी ‘आधी आपले’ म्हणालं असतं तर?

पंचगंगाकाठ:
पोलिश छावणीचा खर्च सुरुवातीला लंडनमधलं त्यांचं परागंदा सरकार करत होतं, करवीरच्या गरिबाचा घास काढून नव्हता दिला. पण तुमच्या आजोबांचं मान्य. त्याला माझ्याकडं उत्तर नाही.

ठीक आहे, ताई. ज्याची झकात मोठी आहे त्यानं एक हिस्सा बाहेर पाठवावा, माझी हरकत मागे. पण दोन अटी. फित्रा, म्हणजे रमजान ईदचं दान, इथंच, ईदच्या नमाजाआधी, हातात. आणि सख्खी बहीण, विधवा भावजय तंगीत असताना बाहेर पाठवली तर मी पुन्हा याच शब्दांत लिहीन.

दसराचौकवाली:
बहिणीला दिली की झकातही आणि नातं जपल्याचं पुण्यही, यावर आपलं भांडण कधीच नव्हतं. ‘बसल्या जागी पुण्य’ हे मात्र मागे घ्या. मी पाठवते ते कानातलं मोडून आलेल्या पैशातून.

पंचगंगाकाठ:
ते तुमच्यापुरतं मागे घेतो. सगळ्यांपुरतं नाही.

शिरोळचा गडी:
तुमचं मिटलं असेल तर माझ्याकडं वळा. पुढच्या पुरात भाडेकरू मदतीतून सुटू नयेत म्हणून त्यांची यादी पावसाळ्याआधी करायची असेल, तर शिरोळ-कुरुंदवाडची नावं मी गोळा करतो. लाईट बिल, शाळेचा दाखला, काही पण पुरावा धरा. भाडेकरार असलेलेच घेणार असाल तर राहू द्या, आमच्यात कुणाकडंच तो नाही.

हुपरीकर:
शिलाई मशीनचं बघता येईल, लिल्लाहमधून. मला निरोप टाका. आणि चांदीच्या निसाबाचा धागा काढलाय, तिकडं या.