दहाव्या वर्षी शाळा वेगळी: जर्मनीतली चौथीनंतरची विभागणी बरोबर की चूक?

पाटीपुस्तक (धागाकर्ता)

जर्मनीत शिक्षण हा राज्यांचा विषय. सोळा राज्यं, सोळा शालेय कायदे. तरी सांगाडा बराचसा सारखा आहे. सहाव्या वर्षी पहिली, मग चार वर्षं सगळ्यांना एकच प्राथमिक शाळा, म्हणजे ग्रुंडशूले. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये ही सहा वर्षांची आहे. त्यानंतर वाटा फुटतात. गिमनाझियुम बारावी-तेरावीपर्यंत जातं, शेवटी आबितूर ही परीक्षा आणि विद्यापीठाचं दार. रेआलशूले दहावीपर्यंत. हाउप्टशूले नववीपर्यंत, काही ठिकाणी दहावीपर्यंत. बायर्न म्हणजे बव्हेरियामध्ये तिलाच मिटेलशूले म्हणतात. काही राज्यांत सगळ्यांना सामावणारी गेझाम्टशूलेही आहे.

माझं म्हणणं असं की मूल दहा वर्षांचं असताना हा निर्णय घेऊच नये. बायर्नचं उदाहरण घ्या, तिथे नियम सर्वांत काटेकोर आहे. चौथीच्या वर्षात मे महिन्यात 'उबरट्रिटत्सॉयग्निस' मिळतं, म्हणजे पुढच्या शाळेसाठीचं गुणपत्रक. त्यात तीनच विषयांची सरासरी धरतात: जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास. श्रेणी 1 ते 6, त्यात 1 सर्वोत्तम. सरासरी 2.33 किंवा त्याहून चांगली आली तर गिमनाझियुम, 2.66 पर्यंत रेआलशूले, बाकीच्यांना मिटेलशूले.

आता हिशेब करून बघा. गणितात 2, जर्मनमध्ये 2, परिसर अभ्यासात 3: सरासरी 2.33, गिमनाझियुम. त्याच मुलीला जर्मनमध्ये 2 ऐवजी 3 मिळाले की सरासरी 2.66. एका विषयातल्या एका श्रेणीने शाळा बदलली. त्यात परिसर अभ्यासाच्या चाचणीतही प्रश्न वाचून जर्मनमध्येच उत्तरं लिहायची असतात, गणितातही शाब्दिक उदाहरणं असतात. म्हणजे भाषा कागदावर एकदा मोजली जाते आणि प्रत्यक्षात तिन्ही विषयांत. घरात तुर्की किंवा अरबी बोलणाऱ्या मुलाला ही चाळणी किती बारीक पडते, ते उघड आहे.

हातोडी

गणित बरोबर मांडलंत, पण चित्र अर्धंच दाखवलंत. सरासरी बसली नाही म्हणून दार बंद होत नाही. ज्या शाळेत जायचं आहे तिथे तीन दिवसांचा 'प्रोबेउंटररिष्ट' म्हणजे चाचणी-वर्ग असतो, जर्मन आणि गणित या दोनच विषयांचा. एकात किमान 3 आणि दुसऱ्यात किमान 4 मिळाले की प्रवेश. दोन्हींत 4 आले तरी पालकांनी आग्रह धरला तर मूल जाऊ शकतं.

मुख्य मुद्दा मात्र वेगळा आहे. जर्मनीत गिमनाझियुमला न जाणं म्हणजे शिक्षण संपणं नाही. रेआलशूले किंवा मिटेलशूलेनंतर दुहेरी प्रशिक्षण आहे: आठवड्यातले तीन-चार दिवस कंपनीत किंवा कारागिराच्या हाताखाली, एक-दोन दिवस व्यवसाय शाळेत. मान्यताप्राप्त व्यवसाय तीनशेहून जास्त. गाड्यांचा मेकाट्रॉनिकर, म्हणजे यंत्र आणि इलेक्ट्रॉनिक्स दोन्ही जाणणारा मेकॅनिक, व्हायला साडेतीन वर्षं लागतात आणि त्या काळात पगार मिळतो. 2020 पासून या पगाराला कायद्याने किमान मर्यादा आहे: तेव्हा पहिल्या वर्षाला महिना 515 युरो होते, 2025 मध्ये 682. परीक्षा कंपनी स्वतः घेत नाही, उद्योग मंडळ किंवा कारागीर मंडळ घेतं, त्यामुळे प्रमाणपत्र देशभर चालतं. पुढे माइस्टर म्हणजे परीक्षा देऊन उस्ताद कारागीर झालात तर 2009 च्या सर्व राज्यांच्या ठरावानुसार विद्यापीठात प्रवेशाचा हक्कही मिळतो. हाताच्या कामाला एवढी इज्जत देणारे देश थोडे आहेत. सगळ्यांना एकाच शाळेत घालून ही साखळी तोडू नये.

अपूर्णांक

हातोडी, दुहेरी प्रशिक्षण उत्तम आहे, त्यावर वादच नाही. पण ते सुरू होतं पंधराव्या-सोळाव्या वर्षी. त्यासाठी दहाव्या वर्षी मुलं वेगळी का करायची? फिनलंडमध्ये व्यवसायशिक्षणाची वाट सोळाव्या वर्षानंतरच फुटते आणि नऊ वर्षांची शाळा सगळ्यांना एकच आहे. तिथेही आधी चौथीनंतर वेगळ्या शाळा होत्या. 1968 च्या कायद्याने ते बदललं, अंमल 1972 मध्ये उत्तरेकडच्या लॅपलंडपासून सुरू झाला आणि 1977 पर्यंत हेलसिंकीच्या भागापर्यंत पोचला. हा टप्प्याटप्प्याचा क्रम संशोधकांना फार उपयोगी पडला, कारण जुनी आणि नवी व्यवस्था एकाच वेळी शेजारी-शेजारी चालू होती. 2009 मध्ये तिथल्या अर्थतज्ज्ञांनी मोजलं तेव्हा बापाच्या कमाईवरून मुलाची कमाई ठरण्याचं प्रमाण या बदलामुळे सुमारे 23 टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं.

आणि चार वर्षांचा आकडा काही बालमानसशास्त्रातून आलेला नाही. पहिल्या महायुद्धानंतरच्या वायमार प्रजासत्ताकातल्या 1920 च्या कायद्याने श्रीमंतांच्या, गिमनाझियुमची तयारी करून घेणाऱ्या फीच्या पूर्वशाळा बंद करायच्या ठरवल्या आणि सर्वांना निदान चार वर्षं एकत्र बसवलं. समाजवाद्यांना जास्त वर्षं हवी होती, चारवर तडजोड झाली. ती तडजोड शंभर वर्षं टिकली एवढंच.

वर्गमूळ

फिनलंड छोटा देश, तिथली तुलना जर्मनीला सरळ लागू होत नाही. जर्मनीतच बघा. राज्यांच्या तुलनात्मक चाचण्यांत झाक्सन (सॅक्सनी) आणि बायर्न वर्षानुवर्षं वरच्या क्रमांकांवर असतात. दोन्हीकडे चौथीनंतर विभागणी. झाक्सनमध्ये गिमनाझियुम आणि ओबरशूले अशा दोनच वाटा आहेत, हाउप्टशूले स्वतंत्र नाहीच. ब्रेमेनने एकत्र शाळांवर मोठा भर दिला आणि ते राज्य कायम तळाशी आहे.

पाटीपुस्तक

वर्गमूळ, ब्रेमेन हे शहर-राज्य आहे. तिथे गरीब कुटुंबांतली आणि घरी जर्मन न बोलणारी मुलं बायर्नपेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात आहेत. ते प्रमाण न बघता दोन राज्यांचे सरासरी गुण शेजारी ठेवले तर तुलना शाळेच्या रचनेची होत नाही, लोकवस्तीची होते. झाक्सनचा मुद्दा मात्र मान्य आहे, आणि तो माझ्याच बाजूने जातो: तिथे सर्वांत खालची वेगळी शाळाच नाही. एकाच इमारतीत सगळी अडचणीतली मुलं गोळा होतात तेव्हा काय होतं, हाच खरा प्रश्न आहे. शिक्षक टिकत नाहीत आणि वर्गात वाचनाचा नमुना ठरेल असं मूल उरत नाही. मोठ्या शहरांतली हाउप्टशूले याच कारणाने खचली, आणि म्हणून बऱ्याच राज्यांनी ती रेआलशूलेत मिसळली.

दुसरी घंटा

इथे एक अभ्यास कुणीच मांडला नाही. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात साठ-सत्तरच्या दशकांत जन्मलेल्या जर्मन लोकांची पुढची कमाई तपासली. जन्ममहिन्यामुळे वर्गात लहान ठरणारी मुलं गिमनाझियुमला कमी जातात, म्हणून गिमनाझियुमला जेमतेम बसणाऱ्या आणि थोडक्यात हुकणाऱ्या, म्हणजे सीमेवरच्या मुलांची तुलना करता आली. निष्कर्ष: सीमेवरच्या मुलांच्या दीर्घकालीन पगारात वा बेरोजगारीत वाटेमुळे फरक सापडला नाही, कारण नंतरच्या टप्प्यांवर ती वाट बदलत होती. म्हणजे व्यवस्थेतले जोडरस्ते काम करतात.

अपूर्णांक

तो अभ्यास महत्त्वाचा आहे, पण तो सीमेवरच्या मुलांबद्दल आहे. 2.33 आणि 2.66 मधल्या मुलांची चिंता त्याने कमी होते. हुशार असूनही भाषेमुळे 3.3 वर अडकलेल्या मुलाबद्दल तो काही सांगत नाही.

आणि जोडरस्त्यावर चालताना कुठे पाय अडकतो तेही सांगतो. बायर्नमध्ये रेआलशूलेची दहावी झाल्यावर फाखओबरशूलेत, म्हणजे व्यवसायाकडे झुकलेल्या वरच्या शाळेत जाता येतं. अट: जर्मन, गणित, इंग्रजी यांची सरासरी 3.5 किंवा चांगली. अकरावीत अर्धं वर्ष प्रत्यक्ष कामाचं. बारावीनंतर उपयोजित विज्ञान विद्यापीठाचं दार उघडतं, तेरावीनंतर बाकीच्या विद्यापीठांचं. पण तेरावीनंतर कुठलाही विषय निवडायची पूर्ण मोकळीक हवी असेल तर दुसरी परदेशी भाषा दाखवावी लागते. गिमनाझियुममध्ये ती सहावीपासून सगळ्यांना सक्तीची असते. रेआलशूलेत फक्त फ्रेंचचा गट घेणाऱ्यांना. बाकीच्यांना ती सतराव्या-अठराव्या वर्षी, बाकीचा अभ्यास सांभाळून शून्यापासून उभी करावी लागते. नाही जमली तर ठरावीक शाखांपुरताच प्रवेश. सातवीत गट निवडताना ही गोष्ट किती पालकांना कुणी समजावून सांगितलेली असते?

हातोडी

भाषेचा हा मुद्दा खरा आहे आणि तो दुरुस्त व्हायला हवा. गट निवडण्याआधी शाळेने पालकांना बोलावून हे कागदावर काढून दाखवणं सक्तीचं करावं. पण त्यासाठी वाटाच बुजवायची गरज नाही. हांबुर्गमध्ये प्राथमिक शाळा सहा वर्षांची करायची तयारी सरकारने केली होती, विधानसभेत सगळे पक्ष बाजूने होते. जुलै 2010 च्या सार्वमतात लोकांनीच ती फेटाळली. शेवटी तिथे गिमनाझियुम आणि श्टाटटाइलशूले अशा दोन वाटा राहिल्या, आणि दुसऱ्या वाटेवरूनही तेरा वर्षांत आबितूर करता येतं. मला हाच मार्ग पटतो: वाटा दोन, पण दोन्हींच्या टोकाला तेच दार.

पाटीपुस्तक

हांबुर्गच्या सार्वमताबद्दल एक गोष्ट जोडतो. सुखवस्तू वस्त्यांत मतदान जास्त झालं, गरीब वस्त्यांत कमी. शिवाय जर्मन नागरिकत्व नसलेल्या पालकांना मतच नव्हतं. ज्यांच्या मुलांवर सर्वाधिक परिणाम होणार होता तेच मतपेटीपासून लांब राहिले.

तरी दोन वाटा, एक दार हे मलाही चालेल, जर पहिली चार वर्षं नीट भरून काढली तर. ऑगस्ट 2024 पासून 'श्टार्टचान्सेन' योजना सुरू आहे: दहा वर्षांत 20 अब्ज युरो, अडचणीतल्या सुमारे 4000 शाळांसाठी, त्यातही प्राथमिक शाळांवर भर. ऑगस्ट 2026 पासून पहिलीच्या मुलांना दिवसभराच्या शाळेचा किंवा देखरेखीचा कायदेशीर हक्क मिळतोय. प्राथमिक शाळांचे नेहमीचे तास परंपरेने दुपारीच संपतात, उरलेला अभ्यास घरावर पडतो, आणि घरात जर्मन नसेल तर तो होतच नाही. त्या दुपारच्या तासांत शिकलेले शिक्षक वाचन घेणार की फक्त मुलं सांभाळली जाणार, यावर चौथीतली ती सरासरी ठरेल.

वर्गमूळ

आणि ते शिक्षक आणायचे कुठून? प्राथमिकसाठी पदवी, मग दीड-दोन वर्षांची उमेदवारी, दुसरी राज्य परीक्षा. आज प्रवेश घेतलेला शिक्षक सहा-सात वर्षांनी वर्गात उभा राहतो. हक्काची तारीख ठरवणाऱ्यांनी ही बेरीज आधी करायला हवी होती.