मदत हवी आहे: तोंडाचा वास जात नाही, प्रोबायोटिक गोळ्या घ्याव्यात का?

शमिका_आर
नवऱ्यासाठी विचारते आहे. वय 46, मधुमेह नाही, तंबाखू नाही. हिरड्यांतून रक्त येत होतं, ते स्केलिंगनंतर (दातांवरचा कडक थर काढल्यावर) थांबलं. वास मात्र दुपारनंतर येतोच. क्लोरहेक्सिडिन 0.2 टक्के माउथवॉश महिनाभर चालू आहे, त्याने दातांवर तपकिरी डाग पडलेत. आता ऑनलाइन चोखायच्या प्रोबायोटिक गोळ्या (जिवंत ‘चांगले’ जिवाणू असलेल्या) दिसताहेत. रोज वाटीभर दही खाल्लं जातं, तेवढ्याने भागणार नाही का? आणि जुलाबासाठी आणलेल्या प्रोबायोटिकच्या छोट्या बाटल्या घरात आहेत, त्यांनी चूळ भरली तर?

दंतकथा
आधी तो माउथवॉश बंद करा. डाग त्याचेच आहेत. क्लीनिंगच्या वेळी पॉलिश केलं की जातात. क्लोरहेक्सिडिन साधारण दोन आठवड्यांसाठी देतात, बाटली संपेपर्यंत नव्हे.

वास बहुतेक वेळा जिभेच्या मागच्या भागातून येतो. तिथल्या पांढरट थरात ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू प्रथिनं कुजवून हायड्रोजन सल्फाइड आणि मिथाइल मरकॅप्टन हे वायू सोडतात. टंग क्लीनर अर्ध्या जिभेवरून फिरवून उपयोग नाही. जीभ पूर्ण बाहेर काढायची, श्वास रोखून जमेल तितक्या मागून पुढे ओढायचं, चार-पाच वेळा, हलक्या हाताने. ओकारी येते म्हणून सगळे पुढचंच खरवडतात, नि गाडी तिथेच अडते.

मागच्या दाढांमधून फ्लॉस (दातांच्या फटी साफ करायचा धागा) फिरवून तो हुंगून बघा. तिथे घाण वास आला तर दोष दाढांच्या फटीत आहे. मग डेंटिस्टकडून पॉकेटची, म्हणजे दात आणि हिरडीमधल्या फटीची, खोली मोजून घ्या. 4 मिमी किंवा जास्त खोली आणि मोजताना रक्त, असं असेल तर वरवरचं क्लीनिंग पुरलेलं नाही. तिथे गोळ्या चोखून काही होणार नाही. युरोपच्या पेरिओडोंटॉलॉजी फेडरेशनच्या 2020 च्या मार्गदर्शिकेत तर हिरड्यांच्या खोल सफाईला जोड म्हणून प्रोबायोटिक वापरू नये, असंच सुचवलंय.

सूक्ष्मदर्शी
दह्याबद्दल. विरजणातले जिवाणू दुधात वाढणारे; तोंडात टिकून राहत नाहीत, घासाबरोबर पोटात जातात. दही जरूर खा, पण यावर औषध म्हणून नको. जुलाबाच्या बाटल्यांत बहुधा बॅसिलस क्लॉसीचे बीजाणू असतात. ते आतड्यासाठी आहेत. चूळ भरून बाटली वाया घालवू नका.

तोंडासाठी ज्यावर बऱ्यापैकी काम झालंय ते दोनच लक्षात ठेवा. वासासाठी स्ट्रेप्टोकॉकस सॅलिव्हेरियस के12. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात जॉन टॅग यांच्या प्रयोगशाळेत यावर काम झालं. हा सॅलिव्हेरिसिन नावाची प्रथिनं सोडून शेजारच्या काही जिवाणूंना मारतो. हिरड्यांसाठी लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी, त्याचे दोन ठरावीक स्ट्रेन (उपप्रकार). लेबलवर स्ट्रेनचा नंबर नसेल, नुसतंच ‘लॅक्टोबॅसिलस’ लिहिलं असेल, तर घेऊ नका. के12 ची गोळी साधारण 1 अब्ज सीएफयूची (म्हणजे वाढू शकणाऱ्या जिवंत जिवाणूंची) असते. हा आकडा तयार करतानाचा आहे की एक्सपायरीपर्यंतचा, तेही बघा. उन्हात तापलेल्या कुरिअरमधून आलेल्या पाकिटात जिवंत किती उरले, कोण जाणे.

घ्यायची पद्धत अशी: रात्री ब्रश, फ्लॉस, जीभ, सगळं झालं की अर्धा तास थांबा. मग गोळी तोंडात ठेवून हळूहळू विरघळू द्या. चावून गिळली तर तोंडासाठी तिचा उपयोग संपला. त्यानंतर पाणीसुद्धा नको. 2006 च्या एका छोट्या चाचणीत आधी तीन दिवस क्लोरहेक्सिडिनने तोंड साफ करून मग के12 दिलं होतं. तेवढा क्रम घ्या. दोन्ही एकत्र चालू ठेवलं तर गोळीतले जिवाणू माउथवॉशनेच मरतील. महिनाभर बघा. फरक पडला तरी गोळ्या थांबवल्यावर तो हळूहळू ओसरतो, हेही गृहीत धरा. नंतरच्या अभ्यासांत निकाल संमिश्रच आहेत.

केमो चालू असेल, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं असतील किंवा हृदयाची झडप बदललेली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जिवंत जिवाणू घ्यायचे नाहीत.

शमिका_आर
आभार. फ्लॉस हुंगून बघायला सांगते. मुलगी चार वर्षांची आहे. दात किडू नयेत म्हणून तिलाही याच गोळ्या चालतील का?

दंतकथा
नको. चोखायची गोळी या वयात घशात अडकू शकते. शिवाय किडलेल्या दाताच्या खोल खड्ड्यात लॅक्टोबॅसिलसच भरपूर सापडतात. ते आम्ल तयार करतात, म्हणजे ‘चांगला जिवाणू’ दाताला चांगला असेलच असं नाही. तिच्यासाठी 1000 पीपीएम फ्लोराइडची पेस्ट, वाटाण्याएवढी, दिवसातून दोनदा. ब्रश तुम्ही फिरवायचा. थुंकू दे, पण नंतर खळाळून चूळ नको. रात्री ब्रश झाल्यावर दुधाची बाटली किंवा बिस्कीट बंद. दाढांवरच्या खोल खाचा डेंटिस्टला दाखवून ठेवा आणि दर सहा महिन्यांनी फ्लोराइड व्हार्निश लावून घ्या.