मदत हवी आहे: पोर्तुगालचं पोर्तुगीज वाचता येतं, पण ऐकताना शब्द सापडतच नाहीत

नमस्कार मंडळी,

घरच्या घरी पोर्तुगीज शिकतेय, ॲप आणि यूट्यूबवर. कारण एकच, फादो. लिस्बनच्या अल्फामा, मोरारिया असल्या जुन्या वस्त्यांमधलं गाणं, काळी शाल घेतलेली बाई उभी राहून गाते, बाजूला एक साधी गिटार आणि एक ती गोल पोटाची बारा तारांची पोर्तुगीज गिटार. एका रात्री अमालिया रोद्रिगेश ऐकली आणि मी गेलेच कामातून. शब्द कळत नव्हते तरी परत परत ऐकत बसले, मग म्हटलं शब्दही कळायलाच हवेत.

आता गोची अशी की ॲपवर ब्राझीलचं पोर्तुगीज आहे. ते मला आवडतं पण, ऐसपैस बोलतात, सगळे स्वर मोकळे, त्यांच्या मालिका सबटायटलशिवाय बऱ्यापैकी कळतात. लिस्बनच्या पेपरातली बातमीही डिक्शनरी शेजारी ठेवून वाचते. पण तीच बातमी आरटीपीवर (पोर्तुगालचं सरकारी चॅनल) कोणी बोलायला लागलं की संपलं, नुसतं श्श श्श ऐकू येतं, आमचे हे म्हणाले रशियन चॅनल का लावलंयस.

तर ब्राझीलचं बंद करून पोर्तुगालचं पहिल्यापासून धरू का, की दोन्ही चालतील? कान कसा तयार करायचा? मुंबई-गोव्यात शिकायची चांगली सोय कुठे आहे? आणि आमचं आजोळ रेवदंड्याचं, खाडीपलीकडे कोरलईत पोर्तुगीजसारखी भाषा बोलतात म्हणे, तिकडे जाऊन सराव होईल का?

(बटाटा, पाव, चावी, पगार ही मराठीत आलेल्या पोर्तुगीज शब्दांची लिस्ट कृपया नको, ती व्हॉट्सॲपवर नियमित येते.)

- शालवाली

खवट_काका: पोर्तुगालच्या पासपोर्टचं काम आहे का? तसं असेल तर सिप्ले ही पोर्तुगीज भाषेची परीक्षा बघा, ए-टू लेव्हल असते, फादो वगैरे लागत नाही त्याला.

शालवाली: नाही हो काका, आमच्या सात पिढ्यांत कोणी गोव्याचं नाही. खरंच फादोसाठीच.

तेजूकाठी: ताई, लिस्बनला नोकरीला आहे, मीही ब्राझीलचं शिकून आलो होतो त्यामुळे तुमचं दुखणं नीट माहितीये. कान ठीक आहे तुमचा. इथले लोक शब्दात ज्या अक्षरावर जोर नाही त्याचा स्वर गिळतात. टेलिफोनला ब्राझीलचा माणूस 'तेलेफोनी' असे चारही तुकडे वाजवेल, इथे 'त्लफोन' होऊन जातं. लहान म्हणजे 'पेकेनो', ते 'प्केनु'. वर शब्दाच्या शेवटचा स इथे 'श' होतो (रिओतही होतो, पण साव पावलोत नाही), म्हणून ते श्श श्श. त्यामुळे अख्खा शब्द शोधत बसू नका, जोर कुठे पडतोय ते पकडा, तेवढं अक्षर मिळालं की आजूबाजूचं आपोआप भरता येतं. बातम्या सगळ्यात शेवटी ऐका, फार फास्ट असतात. छोटा तुकडा घ्यायचा ज्याचा मजकूर लिहिलेला मिळतो, आधी न बघता ऐकायचं, कळेल ते लिहायचं, मग मजकूर बघून कुठला स्वर गायब झाला तिथे खूण करायची. कंटाळवाणं आहे, पण मला यानेच जमलं.

ब्राझीलचं सोडू नका अजिबात. इथल्या लोकांना ते आरामात कळतं, १९७७ पासून ब्राझीलच्या मालिका बघतायत ना. उलट बाजूने बोंब आहे, ब्राझीलहून नवीन आलेली माणसंही इथे सुरुवातीला 'काय? काय?' करत असतात.

फक्त इकडे आलात तर ते 'वोसे' (म्हणजे तू/तुम्ही) जपून वापरा. ब्राझीलमध्ये सर्रास चालतं, इथे काही लोकांना ते उद्धट वाटतं. मित्राला 'तु', अनोळखी किंवा मोठ्या माणसाला 'उ सिन्योर', 'आ सिन्योरा'. आणि अर्धवट ओळखीच्या माणसाला तर चक्क नाव घेऊन विचारतात, मारिया समोर बसलीये आणि तिलाच म्हणायचं, 'मारियाला कॉफी हवी का?' मला पहिल्यांदा वाटलं खोलीत अजून कोणी मारिया आहे.

अलिबागकर: कोरलईचं सांगतो. तिथली भाषा, ते नोलिंग म्हणतात, ही पोर्तुगीजमधून निघालेली पण पोर्तुगीज नव्हे. १७४० मध्ये पोर्तुगीज चौल-रेवदंडा सोडून गेले, त्यानंतर ती मराठीच्या शेजारात वाढली, वाक्यरचना पण आपल्यासारखी, क्रियापद शेवटी. शब्द ओळखीचे लागतील, लिस्बनचा कान त्याने तयार होणार नाही. आणि प्लीज सरावाला म्हणून जाऊ नका, गावातली माणसं रिसर्चवाल्यांना, यूट्यूबवाल्यांना आधीच वैतागली असतील. सहज जा, किल्ला बघा, कोणी आपणहून बोललं तर ऐका.

पणजीकरीण: गोव्यात या. पणजीत कामोंइश या पोर्तुगीज सरकारी संस्थेचं भाषा केंद्र आहे, तिथल्याच फोंतेन्यास वस्तीत फुंदासांव ओरिएंत ही पोर्तुगीज संस्था आहे, विद्यापीठात तर पोर्तुगीजमध्ये एमए होतं. बॅच कधी, ऑनलाइन आहे का हे फोन करूनच विचारा, दरवेळी बदलतं. सोनिया शिरसाट ऐकल्या आहेत का? गोव्याच्याच, फादो गातात, जमलं तर समोर बसून ऐका.

आणि तेजूकाठींना एक ॲड करते. बातम्या सोडा, फादोच घ्या ना सरावाला. बोलताना गिळलेले बरेच स्वर गाताना परत येतात, मात्रा भरायच्या असतात. त्यात जुना पारंपरिक फादो घ्या, मेनोर, कोर्रीदो, मोरारिया या ठरलेल्या चाली आहेत, त्यांच्यावर वेगवेगळ्या कविता गातात, आपल्या जात्यावरच्या ओव्यांसारखं. चाल एकदा डोक्यात बसली की लक्ष फक्त शब्दांकडे राहतं.

तेजूकाठी: +१, हे मला सुचलं नव्हतं. फक्त कोइंब्रा शहराचा फादो वेगळा हं, तो विद्यापीठातला, काळे झगे घालून पुरुष गातात आणि तिथे जुनी पद्धत म्हणजे टाळ्या नाहीत, दाद द्यायला घसा खाकरायचा.

शालवाली: खाकरायचं?? हे आमच्या ह्यांना फार छान जमेल. सगळ्यांचे आभार. मेनोरपासून सुरू करते, पणजीला सोमवारी फोन लावते. तेजूकाठी, शब्द लिहिलेले असतील असे दोन-तीन सोपे, संथ फादो सुचवाल का? अमालियाचे सोडून, तिचे पाठ झालेत त्यामुळे चीटिंग होतं.